सलाम आणि हिशोब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या" असा निरोप आला, तेव्हा मी सचिवांना विचारले, "ऐतिहासिक म्हणजे किती जुने?" ते म्हणाले, "काका, तुम्हाला आठवेल तितके." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे सांगू नये. कालची गोळी घेतली की नाही हे आम्हाला आठवत नाही, पण वडिलांनी सांगितलेले सगळे आठवते.

संस्थेचा इतिहास अहवालात आहेच. प्लॉट किती, पहिली बोअर कधी घेतली, रस्ता कोणाच्या कारकिर्दीत झाला, ते वाचकांनी तिथे पाहावे. मला दुसऱ्याच एका रौप्यमहोत्सवाबद्दल लिहायचे आहे. आज ज्या जमिनीवर आपली घरे आहेत, तिचा मालक तेव्हा वेगळा होता. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९३६ मध्ये पंचवीस वर्षे भरली, पण त्याच वर्षी इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज वारला. मोठ्या राजाचे सुतक असताना छोट्या राजाने जल्लोष कसा करायचा? म्हणून सोहळा लांबला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये झाला. खास टपाल तिकिटे निघाली. हैदराबादच्या ज्या इमारतीत दरबार भरला, तिला आजही ज्युबिली हॉल म्हणतात. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर निजामांचे चित्र छापून त्यांना जगातला सर्वात श्रीमंत माणूस ठरवले.

आपल्या रौप्यमहोत्सवाचे बजेट मंजूर करताना मंडपाच्या भाड्यावरून पाऊण तास वाद झाला. काही सभासदांना ते कमीपणाचे वाटले. मला मात्र त्या वादाचा अभिमान वाटला. १९३७ च्या सोहळ्याचा खर्च कोणत्या सभेत मंजूर झाला असेल? "हे बिल इतके कसे?" असे विचारण्याची सोय दीड कोटीहून जास्त प्रजेतल्या एकालाही नव्हती. राजेशाही आणि लोकशाही यांत मला कळलेला फरक एवढाच आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी प्रत्येक गोष्टीत खतावणी शोधतो असे घरचे म्हणतात, ते खरे आहे. पण हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. तो याच सोसायटीत, सर्वसाधारण सभेत, चारचौघांसमोर कळला. ती हकीकत शेवटी सांगतो. आधी राजांचे बघू.

नदीपलीकडचा राजपुत्र

इस्लापूरहून सहस्रकुंडाला गेलो की आपण धबधबा बघतो, भजी खातो आणि परत येतो. पण ती पैनगंगा एकेकाळी सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडही मूळचे निजामाचेच. मग ते गेले कसे? युद्धात हरले नाही, ते कर्जात गेले.

इंग्रजांनी निजामाच्या संरक्षणासाठी एक फौज ठेवली होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. फौज इंग्रजांच्या हुकमतीत, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकत गेला, बाकी वाढत गेली. शेवटी १८५३ साली तह झाला आणि वसुलीसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदाराने न मागितलेली सेवा दिली, तिचे बिल लावले आणि थकबाकीपोटी तारण उचलले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने हा ताबा कायमच्या भाडेपट्ट्यात बदलून घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर. घरमालक जिवंत, सातबारा त्याच्या नावावर, पण भाडेकरू कधीच निघणार नाही आणि भाडे कधीच वाढणार नाही. आपल्यापैकी ज्यांची घरे भाड्याने दिलेली आहेत, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर पाठवले. त्याचा मथितार्थ असा, की हिंदुस्थानात इंग्रजी सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटीची भाषा करू नये. ज्यांना प्रजेतला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हता, त्यांनी वरच्याला एक प्रश्न विचारला आणि त्यांना गप्प बसवण्यात आले. पुढे १९३६ मध्ये इंग्रजांनी समजूत घातली. निजामाच्या थोरल्या मुलाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' असा किताब दिला. वऱ्हाडचा कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. ठेवीची पावती गिऱ्हाइकाच्या हातात आणि ठेव दुसऱ्याच्या खात्यात, असा तो प्रकार.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, सांगत की नदी ओलांडली की रुपया लहान व्हायचा. निजामाचे स्वतःचे नाणे होते, त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी रुपया म्हणजे कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. आण्णा म्हणायचे, "पाण्यात पाय ओला व्हायच्या आत रुपयामागं दोन आणे गेले, सांग आता!" राज्य म्हणजे काय, हे त्यांना नकाशावरून कळले नव्हते, ते त्यांना पिशवीतल्या नाण्यांवरून कळले.

चांगला राजा

निजामाबद्दल बोलताना आपल्याकडे दोन टोके आहेत. एकाला ते दानशूर कर्ण वाटतात, दुसऱ्याला नुसते राक्षस. खात्याच्या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळा जुळत नाही, म्हणून जमेची बाजू आधी लिहितो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. उस्मानिया रुग्णालय, हायकोर्टाची इमारत, निजामसागर धरण, राज्याची स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल. १९४१ साली कायदा करून हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतले पहिले पासबुक त्याच बँकेचे.

आता नावेची बाजू. राज्यातला मुलूख दोन भागांत होता. एक दिवाणी, ज्याचा महसूल सरकारी खजिन्यात जाई. दुसरा सर्फ-ए-खास, ज्याचा महसूल निजामांच्या खासगी खर्चाला जाई. त्याशिवाय जहागिरदारांच्या जहागिरी वेगळ्या. एकाच देशातल्या दोन शेजारच्या गावांपैकी एक सरकारचे आणि एक साहेबांच्या खिशाचे! संस्थेचे पैसे आणि सेक्रेटरीचे पैसे एकाच कपाटात ठेवले तर लेखापरीक्षक काय शेरा मारतो, ते आपल्याला माहीत आहे. इथे तर राज्याचीच रचना तशी होती आणि शेरा मारणारा कोणी नव्हता.

शिक्षण होते, पण वरचे शिक्षण उर्दूतून. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा आपल्याच भाषेत पुढे शिकू शकत नव्हती. आणि सभा? 'गश्ती नंबर ५३' नावाचे एक परिपत्रक होते. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. आपल्याकडे वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी हातात दिली तरी लोक येत नाहीत. तेव्हा लोकांना यायचे होते आणि येऊ देत नव्हते.

एक गोष्ट दर सप्टेंबरात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. १९६५ च्या युद्धात निजामांनी देशाला पाच हजार किलो सोने दान केले, अशी. मी दर वर्षी उत्तर लिहितो, दर वर्षी कोणी वाचत नाही, म्हणून आता छापून ठेवतो. माहितीच्या अधिकारात बाहेर आले ते असे, की निजामांनी राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत ४२५ किलो सोने गुंतवले होते, साडेसहा टक्के व्याजाने. यात निंदा काही नाही. गरजेच्या वेळी सरकारी रोख्यात पैसे घालणे ही चांगलीच गोष्ट. पण दान वेगळे आणि गुंतवणूक वेगळी. मुदत ठेव ठेवणाऱ्याला आपण देणगीदार म्हणत नाही, त्याला चहा पाजतो. राजाच्या बाबतीत मात्र आपल्याला दानाचीच गोष्ट हवी असते. चांगल्या राजाची ही हौस आपल्या मनातून जात नाही, आणि माझा खरा विषय तोच आहे.

जोडेघाट ते उमरी

आपल्या मुलांना एक माहीत नसते. इस्लापूर तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचे हे एक सर्कल होते. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात कोमाराम भीम नावाच्या गोंड तरुणाने निजामाच्या जंगल खात्याशी आणि जमीनदारीशी लढा दिला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एके दिवशी राखीव जंगल ठरते आणि कसणारा अतिक्रमण करणारा ठरतो, ही त्याची तक्रार. पाणी, जंगल आणि जमीन यांवर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाकडून आदिवासींची पाहणी करून घेतली गेली आणि अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. प्रश्न विचारणारा गेला आणि मग उत्तर आले. किनवटच्या बाजूला आजही आपले गोंड, कोलाम, आंध बांधव राहतात. स्वराज्य हा शब्द शाळेत शिकायच्या आधी त्यांच्या आज्या-पणज्यांनी तो जगून पाहिला होता.

तिकडे मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थ उभे राहिले. मूळचे शाळामास्तर. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. बाळ जन्मायच्या आत मृत्यूचा दाखला! तरी सत्याग्रह झाला. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थी उठले. उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेली बरीच मुले नागपूरला जाऊन शिकली. त्यांतले एक पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. १५ ऑगस्टला तिरंगा लावणाऱ्यांना अटका झाल्या. स्वामीजींनाही त्याच दिवशी पकडले. जंगल सत्याग्रहात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. ताडी-शिंदीवरचा कर हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. राजाशी भांडायचे तर त्याच्या जमेच्या बाजूला हात घाला, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना कोणी वाणिज्य शाखेत शिकवले नव्हते. नदीपलीकडे उमरखेडला कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. ज्या नदीने रुपया लहान व्हायचा, तीच नदी ओलांडून आता माणसे लढायला येत-जात होती.

आणि मग उमरी. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नांदेड भागातल्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांवर रक्कम नेली. तेव्हाचे वीस लाख! बँकेच्या नोकरीत असताना मी ही गोष्ट ऐकली की अस्वस्थ होत असे. आमचा धर्म तिजोरी राखण्याचा. कॅश दहा रुपयांनी कमी आली तर रात्रीचे जेवण जात नसे. लुटीचे कौतुक कसे करायचे? पण त्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वामीजी तेव्हा तुरुंगात होते. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ. पावती मागणारा कोणी नाही, ऑडिटर नाही, पकडले गेलो तर मरण. अशा वेळी त्या पैशाचा हिशोब ठेवला गेला. लढ्यावर काय खर्च झाले ते लिहिले गेले आणि पुढे तो हिशोब सादर केला गेला.

माझ्या मते मराठवाड्यात स्वराज्याची सुरुवात १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच झाली. ज्या दिवशी एखाद्या कार्यकर्त्याने जीव मुठीत धरून, कंदिलाच्या उजेडात, कोणी मागितला नसताना खर्च लिहून ठेवला, त्या दिवशी ती झाली. पैसा हातात आहे आणि तो आपला नाही, हे ज्याला कळले त्याला राज्य चालवता येते.

न मांडलेली बाकी

रझाकारांबद्दल इथे लिहायला नको. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्या वर्षांत काय झाले ते प्रत्येक जुन्या घरात सांगितले गेले आहे. बिलोली भागातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले. पण त्याच यादीत शोएबुल्ला खान हे नाव आपण घ्यायला विसरतो. 'इमरोज' या उर्दू वृत्तपत्राचा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. लढा धर्माधर्माचा नव्हता, हे सांगायला हे एक नाव पुरे आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. १७ तारखेला निजामांनी शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत दोन शतकांहून जुने राज्य संपले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्यात सूडही घेतला गेला. ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता, अशी पुष्कळ मुसलमान माणसे मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी आपला नांदेड मोजला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आण्णा या विषयावर फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "राजा गेला त्या आठवड्यात आमच्यातलाच जो तो राजा झाला होता. कोणाला इचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही." आपल्या वसाहतीत सगळ्या धर्मांची घरे आहेत आणि दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण एकत्र झेंडावंदन करतो. म्हणून ही बाकीही मांडायला हवी असे मला वाटते. खात्यात फक्त दुसऱ्याची थकबाकी दाखवून चालत नाही.

आता दुसऱ्या बँकेची गोष्ट. हैदराबाद पडल्यावर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ ला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या निजाम सरकारच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवली गेली. आठवड्याभरात निजामांनी ती परत मागितली. बँक म्हणाली, खातेदाराच्या संमतीशिवाय देता येत नाही. पाकिस्तान म्हणाले आमची, निजाम म्हणाले माझी, भारत म्हणाला आमची. रक्कम तिथेच गोठली. निजाम १९६७ मध्ये गेले. खाते चालूच. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या हायकोर्टाने भारत आणि निजामांचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर व्याजाने ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. खटल्याला एकाहत्तर वर्षे! आपल्या संस्थेच्या कंपाउंडच्या दाव्याला नऊ वर्षे झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी धीर धरावा.

एकाच वर्षातली ही दोन खाती मी मनात शेजारी ठेवतो. उमरीचे पैसे फरारी लोकांच्या हातात होते आणि त्यांचा हिशोब लागला. लंडनचे पैसे जगातल्या नामांकित बँकेत होते आणि ते कोणाचे, हे ठरायला तीन पिढ्या गेल्या. कारण साधे आहे. राज्याचा पैसा आणि राजाचा पैसा यांच्यामध्ये कधी रेघच मारलेली नव्हती.

आमच्यातला निजाम

१९४८ नंतर निजाम गेले असे आपण म्हणतो, पण ते कुठे गेले नाहीत. २६ जानेवारी १९५० पासून ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा ते पदही संपले. त्या पुनर्रचनेच्या कायद्यात मुंबई राज्यात कोणकोणते भाग जाणार त्याची यादी आहे. त्यात मोठमोठ्या जिल्ह्यांच्या नावांबरोबर किनवट आणि राजुरा तालुके आहेत, आणि 'बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल' असाही उल्लेख आहे. भारताच्या संसदेच्या कायद्यात आपल्या गावाचे नाव! ज्या दरबाराला आपले गाव म्हणजे महसुलाच्या वहीतली एक ओळ होती, त्याची जागा घेणाऱ्या लोकशाहीने आपल्याला नाव घेऊन बोलावले.

आता ती कबूल केलेली हकीकत. निवृत्तीनंतर सभासदांनी मला संस्थेचा खजिनदार केले. बँकेतला माणूस, हिशोब चोख ठेवील, असा विश्वास. मी चोख ठेवलाही. पाच-सहा वर्षे गेली. एका उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली. लोक टँकरच्या रांगेत उभे होते, म्हणून तीन दरपत्रके न मागवता मी ओळखीच्या मेकॅनिककडून नवी मोटर बसवून घेतली. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून एक भगिनी उठल्या. आमच्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, पाणी आलं, फार चांगलं झालं. पण मोटरचं बिल बघायला मिळेल का? आणि जुनी मोटर भंगारात किती रुपयाला गेली?"

मला राग आला. फार राग आला. मी म्हणालो, "तेहतीस वर्षे लोकांची तिजोरी सांभाळली. माझ्यावर संशय घेता?" सभा गप्प झाली. दोघे-तिघे त्या बाईंनाच बोलले, "अहो, काकांना काय विचारता!" त्या खाली बसल्या. मला बरे वाटले. घरी आलो तेव्हाही बरे वाटत होते.

रात्री झोप आली नाही. बिल माझ्याकडे होते. जुन्या मोटरचे पैसे मात्र मेकॅनिकने बिलातून वजा केलेत की नाहीत, हे मी पाहिलेच नव्हते. सकाळी काढून पाहिले. केले नव्हते. रक्कम फार नव्हती, पण संस्थेची होती. मी एक पैसा खाल्ला नव्हता, तरी हिशोबात खोट होती. जिने ती नेमकी दाखवली, तिला मी माझ्या तेहतीस वर्षांच्या वजनाखाली दाबले होते. आण्णांची आठवण झाली. "कोणाला इचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही."

मेकॅनिककडून पैसे वसूल केले. पुढच्या सभेत उभे राहून सगळे सांगितले आणि त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, मला तुमच्यावर शंका नव्हतीच. मला फक्त कागद बघायचा होता." त्या दिवसापासून दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागतो. आता त्याच बाई खजिनदार आहेत, आणि मी महिन्यातून एकदा चष्मा लावून बोर्डापुढे उभा राहतो. माझा प्रश्न त्यांना आवडतो की नाही, माहीत नाही. पण त्या उत्तर देतात.

निजाम चांगले होते की वाईट, या वादात मला आता रस उरलेला नाही. मीही चांगलाच होतो. चांगल्या माणसाला प्रश्न विचारला नाही तर त्याचा निजाम व्हायला पाच-सहा वर्षे पुरतात, आणि तो त्याला एकट्याला होता येत नाही. "काकांना काय विचारता" म्हणणारे दोघे-तिघे त्याला लागतात.

सहकार कायद्याने आपल्याला जे दिले, ते जगातल्या सर्वात श्रीमंत माणसाच्या प्रजेला मिळाले नव्हते. प्लॉट लहान असो की मोठा, एका सभासदाला एक मत. संस्थेचे कागद पाहण्याचा हक्क. वर्षातून एकदा कारभाऱ्यांना समोर बसवून विचारण्याचा हक्क. आणि आपण काय करतो? पाचची सभा. सव्वापाचला सात माणसे. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, आता गणसंख्येची गरज नाही. सात माणसे सगळ्यांचे बजेट मंजूर करतात. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर साठ जण लिहितात, "कमिटी मनमानी करते." ज्या हक्कासाठी माणसे नदी ओलांडून रात्री चालत गेली, त्यासाठी आपल्याला समोरचा रस्ता ओलांडवत नाही.

आण्णा म्हातारपणी म्हणायचे, "राजा होता तवा नुसता सलाम घालायचा. आता हिशोब मागायचा आन् हिशोब द्यायचाबी. सलाम सोपा होता, बाबा." त्यांचे खरे होते. आपल्या पुढच्या वार्षिक सभेचा अजेंडा बोर्डावर लागलेला आहे. विषय क्रमांक चार, जमाखर्च. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. मोटर परत एकदा बदललेली आहे, आणि मला बिल बघायचे आहे.